आधी स्वतःला पाठवलेलं पाकीट

जावकताईंच्या टेबलाला तीन खण होते. वरच्या खणात टाचण्या, मधल्यात पाकिटं आणि डिंकाची बाटली, सर्वांत खालच्यात जावक नोंदवह्या. बाटलीतला डिंक वाळून केव्हाच काचेसारखा झाला होता. पण ती फेकायचा विषय कुणी काढला की ताई चष्म्यावरून अशा बघायच्या, की बोलणारा माणूस आपण दुसरंच काही म्हणत होतो असं दाखवून पुढे सरकायचा.

ऑफिस इमारतींचे नकाशे काढणाऱ्यांचं. दुसरा मजला. खाली काचेचं दुकान, त्यामुळे जिन्यात कायम कुणीतरी उभी काच धरून "बाजूला, बाजूला" करत असायचं. वर नऊ माणसं, आणि तिथे कुणाला आईवडिलांनी ठेवलेल्या नावाने हाक मारायची पद्धत नव्हती. उंच, सडसडीत, चालतानासुद्धा काटकोनात वळणारी तरुण नकाशेकार मुलगी म्हणजे 'पट्टी'. फोन घेणारे गृहस्थ म्हणजे 'भोंगा'. त्यांचं 'हॅलो' खालच्या काचेच्या दुकानात ऐकू जायचं. मालक नुसतेच 'साहेब'. आणि बाहेर जाणारा प्रत्येक कागद जिच्या हातून जायचा, ती जावकताई. वय चौपन्न, नोकरी सव्वीस वर्षं, आणि या सव्वीस वर्षांत एकही पाकीट हरवलेलं नाही, हे वाक्य त्या स्वतः कधी म्हणत नसत. भोंगा म्हणायचा. त्या फक्त मान किंचित वर करायच्या.

कागदाच्या काळात त्यांचं काम बघण्यासारखं होतं. आधी सोबतचे कागद मोजायचे, मग ते पत्राला टाचायचे, मग पत्राखाली 'सोबत : तीन' असं लिहायचं, मग पाकीट, मग वजन, आणि पत्ता सर्वांत शेवटी. "पत्ता आधी लिहिला की पाकिटाला जायची घाई होते," असं त्या म्हणत. पाकीट गेलं की वहीत निळी टिक. समोरून पोच आली की लाल. निळी आणि लाल यांच्यामधले दिवस त्या पाकीट मनात घेऊन फिरायच्या.

मग ईमेल आला. ऑफिसातल्या सगळ्यांना तो आला तेव्हा सुटका वाटली, ताईंना पाहुणा आल्यासारखं वाटलं: कुठे बसवावा आणि काय द्यावं कळेना. पण शिकल्या. एका शाळकरी वहीत पायऱ्या लिहून घेतल्या, आणि आठव्या दिवशी पहिला मेल पाठवला. नगरपालिकेला. 'सोबत दोन नकाशे जोडत आहे' असं सुरेख लिहिलं. तासाभरात नगरपालिकेच्या आवक विभागाकडून एका ओळीचं उत्तर आलं: 'सोबत काहीही आढळले नाही.'

नकाशे जोडायचेच राहिले होते.

तशी चूक जगात सगळेच करतात आणि हसून पुढे जातात. ताई हसल्या नाहीत. त्यांना वाटलं, भर बाजारात आपण रिकामी पिशवी कुणाच्यातरी हातात ठेवली आणि वर म्हटलं, घ्या, आंबे आहेत. त्या दिवशी त्यांनी कानाला खडा लावला. तेव्हापासून कुठलाही मेल त्या आधी स्वतःला पाठवत. कॉम्प्युटरवरून पाठवायचा, मग खिडकीपाशी जाऊन फोनवर उघडायचा, जणू आपण ऑफिसातल्या नाहीच, पलीकडच्याच कुणीतरी आहोत. एकेक फाइल उघडायची, बोटांवर मोजायची, शेवटच्या पानापर्यंत जायचं. सगळं ठीक असेल तर मग तोच मेल खऱ्या माणसाला पुढे धाडायचा, आणि वहीत निळी टिक. ऑफिसात या पद्धतीचं नाव पडलं 'आधी मला'.

"ताई, चहा आलाय," भोंगा ओरडायचा. "आधी तुम्हाला, की डायरेक्ट आम्हाला?"

"तुम्ही डायरेक्टच घ्या. तुमच्याकडून पोच ऐकायला आम्हाला कान द्यावे लागत नाहीत."

घरी त्या आणि त्यांची थोरली जाऊ, म्हणजे वहिनी, अशा दोघीच. दोघींचे नवरे भाऊ-भाऊ होते, दोघेही थोड्याथोडक्या अंतराने गेले, आणि मागे राहिलेल्या दोघींनी दोन घरांचं एक केलं. वहिनी साठीच्या पलीकडे, गुडघ्यांनी रजा मागितलेली, जीभ मात्र पूर्ण वेळ कामावर. ताईंची मुलगी दूर होती. ती बाळाचे फोटो लिंक करून पाठवायची, आणि दोघी ती लिंक उघडेपर्यंत तिची मुदत संपलेली असायची.

"फोटो पाठव ग, चावी नको पाठवू," ताई फोनवर म्हणायच्या.

"आई, त्यात एका वेळी दोनशे फोटो असतात."

"दोनशे नकोत. दोन पाठव. पण माझ्या हातात पडू देत."

ताईंचं लिंकबद्दलचं मत ऑफिसातही हेच होतं. फाइल जोडली म्हणजे वस्तू दिली. लिंक दिली म्हणजे आपल्या घराची चावी दिली. समोरचा येईल तेव्हा कपाटात काय असेल ते आपल्या हाती, आणि मधल्या काळात कुणी कपाट आवरलं तर त्याला भलतंच दिसणार. एकदा तसं झालंही होतं. सुताराला जिन्याची लिंक गेली, मागाहून साहेबांनी मूळ नकाशातल्या दोन पायऱ्या कमी केल्या, आणि सुताराने सकाळी पाहिलेला जिना संध्याकाळी वेगळाच दिसला. तो बिचारा डोळे तपासायला निघाला होता.

तरीही जमाना लिंकचाच होता. त्या सोमवारी साहेबांनी ताईंना आत बोलावलं. बसायला सांगितलं, तेव्हाच ताईंना कळलं की विषय बरा नाही.

"पुढच्या महिन्यापासून सगळे नकाशे एका सामायिक फोल्डरमध्ये," साहेब म्हणाले. "ज्याचं काम त्याने लिंक पाठवायची. नोंद आपोआप होते. जावकचं वेगळं टेबल लागणार नाही."

"आणि मी?"

"मागच्या खोलीत जुने नकाशे पडलेत, ते लावायचे आहेत."

मागच्या खोलीला खिडकी नव्हती. तिथे एक मोडका स्टूल, गुंडाळलेल्या नकाशांचे भारे आणि पावसाळ्यापासून न सुकलेली एक छत्री राहत असे. ताई म्हणाल्या, "सव्वीस वर्षं मी बाहेर पाठवत आले, साहेब. आत ठेवायचं काम मला येत नाही."

साहेब टेबलावरचं पेन उगाच सरळ करत राहिले. वाईट माणूस नव्हता. "असं करू," शेवटी म्हणाले. "वाचनालयाचं काम गुरुवारी जायचंय. ते तुमच्या हातून जाऊ द्या. कसं जातं बघू, मग टेबलाचं ठरवू."

वाचनालयाचं काम म्हणजे पट्टीचं काम. नगरपालिकेने नव्या वाचनालयासाठी आराखडे मागवले होते, गुरुवारी दुपारी चारपर्यंत ईमेलने. पट्टीने चार महिने खपून आराखडा केला होता. त्या वाचनालयात मुलांची खोली उत्तरेच्या उजेडात होती आणि खिडक्यांचे कट्टे बसून वाचता येईल इतके रुंद. ताईंनी तो नकाशा पाहिला तेव्हा, कुणाला न सांगता, एक कट्टा स्वतःसाठी धरून ठेवला होता.

नगरपालिकेच्या सूचनेत एक ओळ होती: 'फाइली ईमेलला जोडूनच पाठवाव्यात. लिंक स्वीकारली जाणार नाही.' ताईंनी ती ओळ तीनदा वाचली. एकदा स्वतःला, एकदा पट्टीला, आणि एकदा मोठ्याने, साहेबांच्या केबिनचं दार उघडं असताना. त्या ओळीच्या आनंदात त्यांनी खालची ओळ वाचली नाही.

गुरुवारी सकाळी वहिनींनी डबा भरताना विचारलं, "आज ना ते टेबलाचं?"

"आज."

"गेलं टेबल तर?"

"जात नाही."

"एवढी खात्री?"

"वहिनी, पाच फाइली आहेत, एक पत्ता आहे आणि चार वाजेपर्यंत वेळ आहे. मी याहून गुंतागुंतीची तुमची औषधं रोज लावते."

"ती पण एकदा सकाळ-संध्याकाळ उलटी झाली होती," वहिनी म्हणाल्या, आणि डब्याचं झाकण ताईंचं उत्तर येण्याआधी दाबून बंद केलं.

अकराच्या सुमारास पट्टीने शेवटची फाइल दिली. अर्ज, टिपण, साहित्याची यादी, नकाशे, प्रतिकृतीचे फोटो. ताईंनी पाचही जोडल्या. खाली 'सोबत : पाच' लिहून नावं दिली. मग पद्धतीप्रमाणे स्वतःचा पत्ता घातला, पाठवला आणि खिडकीपाशी जाऊन उभ्या राहिल्या.

मेल यायला वेळ लागला. फाइली जड होत्या. पट्टी मागे उभी राहून अंगठ्याचं नख खात होती.

"आलं का?"

"येईल. नख ठेव थोडं, पुढच्या कामाला लागेल."

आलं. ताईंनी एकेक उघडलं. अर्ज. टिपण. यादी. चौदा पानांचे नकाशे, बोटाने सारत शेवटपर्यंत. फोटो उघडायला सर्वांत उशीर लागला, पट्टीने तेवढ्यात दुसरा अंगठा धरला, आणि मग पुठ्ठ्याचं ते चिमुकलं वाचनालय फोनच्या पडद्यावर उजळलं, खिडक्यांच्या कट्ट्यांसकट.

"पाच," ताई म्हणाल्या.

पट्टीने त्यांना मिठी मारली. चार महिन्यांचं ओझं उतरवण्याची तिची ती पद्धत होती, आणि तिच्या हाडांचे काटकोन ताईंना चांगलेच टोचले. भोंग्याने टाळ्या वाजवल्या. कुणीतरी चहा सांगितला. त्या गडबडीत ताई टेबलाशी आल्या, निळं पेन उचललं, वहीत वेळ लिहिली, अकरा वाजून दहा मिनिटं, आणि एक देखणी टिक केली. साहेब बांधकामावर जायला निघाले होते. दारातूनच विचारलं, "गेलं का वाचनालय?"

ताईंनी पडद्याकडे पाहिलं. 'पाठवले' या कप्प्यात सर्वांत वर तोच मेल होता.

"गेलं," त्या म्हणाल्या.

दुपार छान गेली. ताईंनी डबा खाल्ला, पट्टीला अर्धी पोळी दिली, भोंग्याच्या शर्टावरच्या डागाबद्दल दोन शब्द सुनावले. मागच्या खोलीत एकदा डोकावूनही आल्या आणि तिथल्या छत्रीला मनातल्या मनात म्हणाल्या, तू राहा बाई एकटीच.

तीनला त्यांनी वही उघडली. निळी टिक होती. लाल नव्हती. नगरपालिकेचा आवक विभाग पोच द्यायला कधी तासाहून अधिक घेत नसे. तिथे एक गृहस्थ होते. ताईंनी त्यांना कधी पाहिलं नव्हतं, पण वीसेक वर्षं फोनवर ओळख होती. ताई त्यांना आवकराव म्हणत, ते यांना जावकबाई. एकमेकांच्या सर्दी-खोकल्याचं वेळापत्रक दोघांना पाठ होतं. 'सोबत काहीही आढळले नाही' ही ओळ लिहिणारेही तेच.

तीन वाजून दहा मिनिटांनी ताईंनी फोन लावला.

"काय आवकराव, आज पोच द्यायला हात दुखतोय का?"

"कशाची पोच, जावकबाई?"

"वाचनालयाची. अकरा दहाला आलंय तुमच्याकडे."

पलीकडे कळफलकाची खडखड झाली. "सतरा आराखडे आलेत. तुमचा नाही."

"नको त्या कप्प्यात गेला असेल. तुमच्या मेलला चांगल्या-वाईटाची पारख कधी होती?"

"तोही कप्पा बघितला. नाही."

"असं कसं नाही? मी स्वतःच्या डोळ्यांनी बघितलंय. पाचही फाइली उघडल्या. फोटोसुद्धा."

 आवकराव अगदी सावकाश, जसं एखाद्याच्या खांद्यावरची पाल सांगावी तसं, म्हणाले, "कुठे उघडल्या, बाई?"

ताईंनी पडद्यावर नजर नेली.  पुढ्यातला मेल त्यांनी पहिल्यांदाच वरून वाचला. 'प्रति' या शब्दापुढे त्यांचा स्वतःचा पत्ता होता. पाकीट अकरा दहापासून त्यांच्याच टेबलावर पडून होतं, आणि त्यावर त्या डबा खाऊन बसल्या होत्या.

पायाखालची जमीन वगैरे सरकली असेल. पण सव्वीस वर्षं टपालाच्या वेळा गाठलेल्या बाईला जमिनीकडे बघायला सवड नसते. त्यांनी घड्याळाकडे बघितलं. तीन वाजून तेरा.

"आवकराव, अजून चार वाजले नाहीत."

"नाहीत. पण चार म्हणजे चार हो. चार वाजून एक मिनिटाला मी तुम्हाला ओळखत नाही."

"ओळखू नका. तोवर जागेवर बसा."

त्यांनी मेल पुढे धाडला. नगरपालिकेचा पत्ता अक्षर अक्षर तपासून. मग पट्टीला हाक मारली आणि एका दमात खरं सांगितलं: "पट्टी, तुझं वाचनालय मी मलाच पाठवलं होतं. आता पाठवलंय त्यांना. चूक माझी आहे, रडायचं असेल तर चारनंतर रड."

पट्टी पांढरी पडली. ती काही बोलणार इतक्यात संगणकाने टुण्ण केलं. मेल परत आला होता. सोबत नगरपालिकेचा कोरडा निरोप: संदेश मर्यादेपेक्षा जड आहे, कमाल दहा एमबी.

"दहा?" पट्टी ओरडली. "आपला अडतीसचा आहे! मग सकाळी तुमच्याकडे कसा आला?"

ताईंना तेव्हा उमजलं, आणि ते उमजणं टाचणीसारखं बारीक आणि खोल होतं. सकाळचा मेल ऑफिसातून निघून ऑफिसातच आला होता. त्याने उंबरठा ओलांडलाच नव्हता. इतकी वर्षं आपण पाकिटाची परीक्षा घेतो म्हणून मिरवत होतो, ती घरातल्या घरात. त्यांनी सूचनेचा कागद ओढला. लिंक नको, या त्यांच्या लाडक्या ओळीच्या बरोबर खाली दहा एमबीची ओळ होती.

"लिंक पाठवू या ना, ताई. दोन मिनिटांत होईल."

"नाकारतील. स्पष्ट लिहिलंय." ताईंनी खुर्ची पुढे ओढली. आवाज एकदम पूर्वीचा झाला, टपालाची गाडी खाली उभी असतानाचा. "एका पाकिटात मावत नाही, तर सहा करायची. अर्ज, टिपण, यादी एकत्र, किती?"

"तीन एमबी."

"ते पहिलं. नकाशे?"

"बावीस."

"तीन भाग कर. फोटो?"

"तेरा."

"दोन भाग. म्हणजे झाली सहा. तू तोडत जा, मी पाठवत जाते. आणि प्रत्येक भागाच्या नावात आकडा हवा. सहापैकी एक, सहापैकी दोन. आकड्याशिवाय तुकडा माझ्याकडे द्यायचा नाही."

पट्टी बसली. तिने नकाशे उघडून पानं मोजायला घेतली.  तीन एकोणतीसला पहिलं पाकीट गेलं. प्रत्येक मेलमध्ये ताईंनी तीच यादी खाली लावली: एकूण सहा मेल, कुठल्यात काय, पाने किती ते किती. भोंगा येऊन म्हणाला, "अहो, यादी काय लिहीत बसलात, पाठवा ना!"

"यादी नसेल तर काय आलं नाही ते त्यांना कळणार कसं? फोन धरा आवकरावांचा. आणि हळू बोला, त्यांना हार्टचा त्रास आहे."

भोंग्याने फोन कानाला लावला आणि आयुष्यात पहिल्यांदा कुजबुजला. "एक आला, म्हणतायत. दोन आला."

तीन बेचाळीस. तीन सत्तेचाळीस. मेल जाताना पडद्यावरची ती बारीक निळी पट्टी मुंगीच्या पावलाने सरकायची, आणि ताई तिला डोळ्यांनी ढकलत होत्या. तीन एक्कावन्नला सहावा गेला.

"सहा पाठवले," ताई म्हणाल्या. "विचारा."

भोंगा कुजबुजला, ऐकलं, आणि त्याचा चेहरा उतरला. "पाच आलेत म्हणतायत. यादीत बघून सांगतायत, चौथा नाही. नकाशे, दहा ते चौदा."

त्याच क्षणी टुण्ण. चौथा परत आला होता. तोच निरोप, दहा एमबी.

"पण तो आठचाच आहे!" पट्टी म्हणाली, आणि मग कपाळावर हात मारला. "ताई, मेलमध्ये घातली की फाइल फुगते. एक तृतीयांश वाढते. मी विसरलेच."

"म्हणजे पाकिटाचंही वजन धरतात," ताई म्हणाल्या. "टपालात धरायचेच की. दोन कर त्याचे. चार-अ, चार-ब."

तीन चोपन्नला पट्टीने दोन तुकडे दिले. तीन पंचावन्नला चार-अ निघाला, त्यामागोमाग चार-ब. भोंगा फोन दोन्ही हातांनी धरून उभा होता. पट्टीने नख खाल्लं नाही, कारण खायला उरलं नव्हतं. ताई वहीवर हात ठेवून बसल्या होत्या. त्यांना एवढंच दिसत होतं की खिडकीपाशी ऊन आलंय, आणि मागच्या खोलीत ऊन येत नाही.

"चार-अ आला," भोंगा म्हणाला. "तीन सत्तावन्न."

आणि मग, कुजबुज विसरून, सगळ्या इमारतीला: "चार-ब! तीन अठ्ठावन्न!"

खाली काचेच्या दुकानात कुणीतरी दचकलं असावं. काहीतरी फुटल्याचा आवाज आला.

चार वाजून सहा मिनिटांनी पोच आली. आवकराव एरवी एक ओळ लिहीत, आज दोन होत्या. 'सात मेल मिळाले. सोबत सर्व काही आढळले.'

ताईंनी चष्मा काढून पुसला. काचा स्वच्छच होत्या. मग लाल पेन घेऊन सात टिका केल्या, बारीक, एकाखाली एक. सकाळची देखणी निळी टिक खोडली नाही. तिच्यापुढे शेऱ्याच्या रकान्यात लिहिलं: 'चुकीची नोंद. ११.१० ते ३.१३ पाकीट जावक टेबलावरच होते. चूक माझी.' खाली सही केली.

"ताई, कशाला?" पट्टी म्हणाली. "पोहोचलं ना शेवटी? साहेबांना कळायचं कारणच नाही. आम्ही कुणी बोलणार नाही."

"भोंगाही?"

भोंग्याने छातीवर हात ठेवला.

"त्यांनी दारातून मला विचारलं, मी सांगितलं, गेलं. ते खोटं होतं हे मला तेव्हा माहीत नव्हतं. आता माहीत आहे. आता गप्प बसले तर ते दुसऱ्यांदा खोटं होईल."

साहेब साडेचारला आले, बुटांना सिमेंट लागलेलं. ताई वही घेऊनच केबिनमध्ये गेल्या आणि उघडून समोर ठेवली. बसल्या नाहीत. साहेबांनी शेरा वाचला, सात लाल टिका बोटाने मोजल्या, पुन्हा शेरा वाचला.

"म्हणजे चारला दोन मिनिटं असताना?"

"हो."

"आणि मी तिकडे निवांत वाळू मोजत होतो." त्यांनी वही आपल्याकडे ओढली. "ताई, हे बघून मी काय म्हणावं अशी तुमची अपेक्षा आहे?"

"टेबल काढा म्हणालात तरी मी भांडणार नाही. पण एक सांगते. तुम्ही म्हणता, नोंद आपोआप होते. आज झालीच होती. संगणक दिवसभर सांगत होता, पाठवले, आणि ते खरंही होतं. पोहोचलं का, हे त्याने विचारलं नाही. ते मी विचारलं. उशिरा विचारलं, पण विचारलं."

साहेबांनी पेन सरळ केलं. मग वाकडं केलं.

"सुताराचा तो जिना आठवतो तुम्हाला?" ते म्हणाले.

"सुतारालाही आठवतो."

साहेब हसले, आणि हसताना त्यांनी वही मिटून ताईंच्या हातात परत दिली. "फोल्डर राहील. ज्याला जे पाठवायचं ते तो पाठवेल. पण पोच आल्याशिवाय या ऑफिसात कुणी 'गेलं' म्हणायचं नाही, मीसुद्धा. आणि पोच तुम्ही बघायची. टेबल राहू दे."

"राहू दे, पण तिथे नको."

"आता काय?"

"पट्टीच्या शेजारी हवं. फाइल किती जड होतेय ते ती बनतानाच कळलं पाहिजे. जोडायची वेळ आली की उशीर झालेला असतो."

साहेबांनी हात टेकले. शुक्रवारी भोंगा आणि पट्टीने मिळून टेबल हलवलं, तिन्ही खणांसकट. डिंकाची बाटली ताईंनी स्वतः नेली, दोन्ही हातांत धरून.

घरी ताईंनी वहिनींना सगळं ऐकवलं. वहिनी म्हणाल्या, "म्हणजे तू दिवसभर तुलाच पत्र लिहून तुलाच शाबासकी देत होतीस."

"तसंच काहीसं."

"मला पाठवायचं होतंस. मी तरी बाहेरची आहे."

ताई भाजी चिरता चिरता थांबल्या. रविवारी त्यांनी मुलीने दिलेल्या जुन्या टॅबवर वहिनींच्या नावाने ईमेलचा पत्ता उघडला, साहेबांना विचारून. वहिनींनी दोन दिवस कुरकुर केली आणि तिसऱ्या दिवसापासून टॅबला कुणाला हात लावू दिला नाही. 'आधी मला'चं ऑफिसात 'आधी वहिनी' झालं.

पंधरा दिवसांनी एका शाळेचे नकाशे जायचे होते. पट्टीने फाइली दिल्या, ताईंनी वजन बघितलं, यादी लावली, वहिनींना पाठवलं. दहा मिनिटांत टेबलावरचा फोन वाजला.

"आल्या," वहिनी म्हणाल्या. "चारही उघडल्या. तिसऱ्या पानावर मुलींच्या वर्गाला खिडकी एकच आहे, ते त्या पोरीला सांग."

"सांगते."

"आणि आता त्यांना पाठव लगेच. नाहीतर शाळा मलाच बांधावी लागेल."